बीपी डोक्यातून येतं, तर गोळी कशाला?

मुलुंडहून रोज फोर्टला नोकरीला जाणारे, पन्नाशीतले एक काका. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." त्यावरून काकांनी ठरवलं की बीपी डोक्यातूनच येतंय, मग मन घट्ट केलं की झालं. गोळी परस्पर बंद. काकू त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. ही शंका माझ्याकडे फार जण आणतात.

मी त्यांना घरचं मशीन काढायला लावलं. पायावर पाय, बाहीवरूनच पट्टा, तोंडाने लोकलच्या गर्दीची कहाणी चालू. आकडा आला 158/98. मग पाय जमिनीवर, दंड मोकळा, हात छातीच्या पातळीवर टेकवलेला, पाच मिनिटं गप्प. 146/92. "बघा, उतरलं!" काका खूश.

उतरलं ते 12. घरच्या मोजणीत 135/85 किंवा त्याहून जास्त आकडा वारंवार येत असेल तर तो वाढलेलाच धरतात.

मग मी त्यांना आतली व्यवस्था समजावली. मानेतल्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. दाब चढला की तिथून मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत निरोप जातो. तिथे ग्लुटामेट हे रसायन तो निरोप पुढे देतं, मग गाबा नावाचं रसायन रक्तवाहिन्या आवळायला लावणाऱ्या पेशींना आवर घालतं. हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूतून ॲसिटिलकोलीन हे रसायन सुटतं, ठोके मंदावतात. रागाच्या, भीतीच्या वेळी मेंदूचे वरचे भाग ही व्यवस्था तात्पुरती बाजूला सारतात, म्हणून आकडा उसळतो. पण दाब बराच काळ चढा राहिला की ही टोकं त्या चढ्या दाबालाच नेहमीचा मानू लागतात. मग माणूस कितीही शांत बसला तरी शरीर तोच दाब सांभाळत राहतं. यात काकांच्या मनाचा कमकुवतपणा कुठे आला? "टेन्शन घेऊ नका" ऐकून माणसं स्वतःलाच दोष देत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय गोळी आणि डोकं वेगळं कुठे आहे? क्लोनिडिन हे बीपीचं औषध तर मेंदूच्या याच तळाच्या भागावर काम करतं, आणि ते एकदम सोडलं तर दाब धोकादायकरीत्या उसळू शकतो. काकांची गोळी दुसरी होती, तरी ती बंद करायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडे लिहून ते डॉक्टरांकडे गेले. गोळी पुन्हा सुरू झाली. माझ्याकडे मिनिटाला सहा अशा संथ श्वासाचा सराव चालतो, आणि बोलणं आता त्यांची झोप मोडणाऱ्या बदलीच्या ऑर्डरवर आलंय.