फियाटला भोक न पाडता फॉगलॅम्प बसतील का?

प्रश्न : नमस्कार. आमच्याकडं वडलांची १९७३ ची फियाट आहे. आरसी बुकात प्रीमियर प्रेसिडेंट लिहिलंय पण घरात-गल्लीत सगळे फियाटच म्हणतात. पत्रा ओरिजिनल, कलर एकदाच झालाय. महिन्यातून एकदा तुळजापूर नाहीतर अक्कलकोट होतंच, येताना रात्र होते आणि आमचे हेडलाइट म्हणजे देवघरातली समई. म्हणून पुढं दोन फॉगलॅम्प, वर कॅरियर आणि मागं स्पीकर लावायचा विचार आहे. मिस्त्री म्हणतो ड्रिल मारल्याशिवाय काय बसत नसतंय, दोन तासांत करून देतो. वडील म्हणतात गाडीला भोक पाडलंस तर घरात यायचं नाही. दोघांच्या मधे मी. काय करू?
— एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : दादा, मी वडलांच्या बाजूनं आहे, आधीच सांगून टाकतो.

मिस्त्रीचं म्हणणं खोटं नाही, ड्रिल मारलं की काम पटकन होतं. पण भोकाच्या कडेला पत्रा उघडा पडतो, तिथं कितीही रंग लावा, बोल्ट हलून हलून तो निघतो आणि पाणी आत शिरतं. त्याहून वाईट म्हणजे ड्रिलचा चुरा. तो पत्र्याच्या पोकळीत खाली जाऊन बसतो, कुणाला दिसत नाही, पहिल्या पावसात गंजायला लागतो आणि चार वर्षांनी खालून पत्रा फुगला की आपण म्हणतो जुनी गाडी आहे, चालायचंच.

आता फॉगलॅम्प. बंपर ज्या बोल्टांनी मागच्या ब्रॅकेटला धरलाय ते बोल्ट कंपनीनंच दिलेत ना, मग आपण त्यांचाच आधार घ्यायचा. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा घ्या, बंपरच्या मागं धरून एल आकाराचं माप कापा, लॅम्प कुठं येतो ते लांब उभं राहून बघा, आणि मग ते माप घेऊन ग्रिल-गेट करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याकडं जा. ३ मिलीमीटर जाडीची, इंचभर रुंद लोखंडी पट्टी त्याच्याकडं पडलेलीच असते. भोकं पाडायची ती या पट्टीला. झिंक प्लेटिंग नाहीतर निदान रेड ऑक्साइड मारून घ्या. पट्टीची जाडी वाढते म्हणून बोल्ट तेवढा जास्त लांब लागेल, आटे तेच आहेत का बघून घ्या आणि जुने बोल्ट डबीत घालून नाव लिहून ठेवा, आम्ही सगळे इथंच चुकतो.

एक गोष्ट मिस्त्री सांगणार नाही. एकाच बोल्टवर टांगलेली पट्टी खड्ड्यांत हळूहळू फिरते आणि तुळजापूरला पोचेपर्यंत लॅम्प आभाळाकडं बघायला लागतो. म्हणून पट्टीचं वरचं टोक कानासारखं वाकवून घ्यायचं, ते बंपरच्या मागच्या कडेला टेकलं पाहिजे, आणि मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा. आतून नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्यानं सैल न होणारा. झालं.

वायरिंगला पण नवीन भोक नको. स्पीडोमीटरची केबल जिथनं आत जाते तिथं रबरी ग्रोमेट असतं, त्याच्या बाजूनं वायर सरकते, थोडं साबणाचं पाणी लावा. ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टवर साधारण ९ अँपिअर, एवढा करंट जुन्या स्विचमधनं नेऊ नका. बॅटरीवरनं सरळ लाइन, बॅटरीच्या जवळच १५ अँपिअरचा फ्यूज, मधे रिले, म्हणजे जुन्या स्विचच्या थोड्याशा करंटवर मोठी लाइन चालू-बंद करणारी डबी. ओरिजिनल हार्नेस, म्हणजे कंपनीच्या वायरींचा जुडगा, कापायचा नाही. आणि तुमच्या गाडीत अजून डायनॅमोच असेल तर गाडी उभी असताना हे लॅम्प चालू ठेवू नका, बॅटरी बसेल.

पण खरं सांगू का, तुमचं दुखणं वेगळंच वाटतंय मला. फॉगलॅम्पचा उजेड खाली आणि पसरट पडतो, तो धुक्याला नाहीतर धुळीला, लांबचं दिसायला नाही. समईसारखा हेडलाइट म्हणजे बहुतेक वेळा पन्नास वर्षांच्या वायरीत आणि स्विचमधे व्होल्टेज मरतंय, बल्बपर्यंत पोचतच नाही. आधी हेडलाइटलाच रिले लावा, अर्थिंगचे बोल्ट खरवडून घट्ट करा, रिफ्लेक्टर काळा पडलाय का बघा. मग एकदा रात्री अक्कलकोट करून या. कदाचित फॉगलॅम्पचे पैसे वाचतील, आणि वडील पण खूश.

कॅरियरचं सोपं आहे. छताच्या कडेला पाणी वाहून जायला जी पन्हाळ आहे ना, टॅक्सीवाले तिला गटर म्हणतात, तिच्यावर चार क्लॅम्पनी बसणारं कॅरियर मिळतं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी, म्हणजे तुमच्याच गाडीचं पुढचं नाव, २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर होत्या आणि त्यांनी आख्ख्या मुंबईच्या ट्रंका असल्याच कॅरियरवर वाहिल्या. फक्त आधी पन्हाळ तपासा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं ठोका, करकर आवाज आला नाहीतर पापुद्रे पडले तर कॅरियर विसरा, आधी डेंटर. बसवल्यावर वीस-पंचवीस किलोमीटरनं क्लॅम्प परत एकदा आवळा.

क्लॅम्पखाली काय घालायचं यात मी स्वतः मार खाल्लाय. घरात जुन्या चादरीचे तुकडे भरपूर, सोलापुरात त्याला काय तोटा, तर मी मस्त चौपदरी घडी करून क्लॅम्पखाली घातली, म्हटलं रंगाला ओरखडा नको. ओरखडा आलाच नाही. पावसाळाभर ती घडी पाणी पिऊन बसली आणि दिवाळीला कॅरियर काढलं तर पन्हाळीत चार जागी तांबूस डाग, नखानं रंग निघून आला. तेव्हापासून कापूस, फेल्ट, स्पंज काही नाही, फक्त रबर, आणि ते पण दोन-तीन महिन्यांनी काढून पुसायचं. काढता येतंय म्हणून लावलं आणि पाच वर्षं काढलंच नाही तर मग भोकानं काय घोडं मारलं होतं?

स्पीकरसाठी मागच्या काचेखालचा ओरिजिनल ट्रे कापू नका. तो बाहेर काढा, प्लायवूडवर ठेवून पेन्सिलनं आखून डुप्लिकेट बनवा, भोकं त्याला पाडा. ओरिजिनल ट्रे माळ्यावर. गाडी ५० वर्षांच्या पुढं गेलीय, २०२१ च्या केंद्राच्या नियमानं तिची विंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण ती केली की रोजच्या वापराला बंदी, तेव्हा तुळजापूरच्या वाऱ्या करायच्या असतील तर घाई नको.

प्रश्न : माझी जुनी अँबेसेडर मित्रमंडळी नवरदेवासाठी मागून नेतात. मागच्या वेळी डेकोरेशनवाल्यानं फुलं चिकटपट्टीनं लावली, काढताना बोनेटचा रंग सोलून आला. नाही म्हणता येत नाही हो.
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : नाही म्हणायला शिका, हा पहिला उपाय! नसेल जमत तर डेकोरेशनवाल्याला चिकटपट्टी खिशातच ठेवायला सांगा. जुन्या गाडीवर नंतर मारलेला रंग खालच्या थराला नीट धरलेला नसतो, म्हणून पट्टीबरोबर येतो. हार बांधायला बंपर आहे, दाराच्या मुठी आहेत, छताची पन्हाळ आहे, सुती नाडीनं बांधा. बोनेटच्या मधल्या गुच्छाला रबरी व्हॅक्युम कप, कपाला बोटानं पाणी लावून दाबायचा. चुंबक पण चालतो पण गाडी आधी धुवून, कारण चुंबकाखाली धुळीचा एक कण सापडला तरी वरातीभर तो रंगावर घासत राहतो. आणि चुंबक जिथं धरतच नाही तिथं पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे विकणाऱ्यानं काय लपवलं होतं ते फुकटात कळतं. वर कॅरियरच्या क्लॅम्पखाली नको म्हटलेली कापडाची घडी चुंबकाखाली मात्र चालते हं, कारण रात्री वरात संपली की ती निघते.

आत्ता जो गोंद राहिलाय त्याला थिनर लावू नका, जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग, म्हणजे थिनरमधे विरघळणारा, असेल तर गोंदाबरोबर रंगही विरघळेल. रॉकेलचा बोळा, हळूहळू, मग साबणपाणी.

प्रश्न : पद्मिनीला पुढं स्टीलचा मोठा गार्ड लावायचाय, बिनभोकाचा. मिळेल का?
— एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : मिळेल, पण लावू नका. असले क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरोधात आहेत असं केंद्रानं डिसेंबर २०१७ मधे राज्यांना कळवलंय, दंड होतो. आणि तो गार्ड थेट चेसीला आवळतात, त्यामुळं जो दणका बंपर वाकून संपला असता तो सरळ चेसीत जातो. बंपर वाकला तर डेंटर सरळ करून देतो. चेसी वाकली तर मला पत्र पाठवू नका.