‘एफवाय टू’ म्हणजे कच्चा डॉक्टर का?

प्रश्न: माझा मुलगा सप्टेंबरपासून लेस्टरला एम.एस्सी. करतो आहे. व्हिसाच्या वेळी आरोग्य अधिभारापोटी 1,164 पौंड भरले. जानेवारीत महिनाभर खोकला राहिला, तेव्हा कळले की त्याने कुठल्याच फॅमिली डॉक्टरकडे नाव घातलेले नाही. नाव घातल्यावर त्याला ‘एफवाय टू’ डॉक्टरने तपासले. एवढे पैसे भरून शिकाऊ डॉक्टर का? दुसरे म्हणजे, मुलगी इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात इंटर्नशिप करते आहे. तिला ब्रिटनमध्ये जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, व्हायचे आहे. सुरुवात कुठून करावी? – एक पालक, सातारा

सप्रेम नमस्कार.

‘एफवाय टू’ म्हणजे पदवीनंतरच्या ‘फाउंडेशन’ प्रशिक्षणाचे दुसरे वर्ष. मुलाला ज्याने तपासले तो वैद्यकीय पदवी घेऊन, वर्षभर रुग्णालयात काम करून, तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची पूर्ण नोंदणी मिळवलेला डॉक्टर आहे. आपल्याकडे एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाली की दवाखान्याची पाटी लावता येते. ‘एफवाय टू’ साधारण त्याच टप्प्यावर असतो, पण तिथे त्याला स्वतंत्र दवाखाना चालवू देत नाहीत. त्याच्यामागे एक जीपी जबाबदार असतो आणि शंका आली की तो त्याला विचारतो. उलट अशा डॉक्टरला नेहमीच्या दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ दिलेला असतो, त्यामुळे रुग्णाचे नुकसान होत नाही.

आता नोंदणीचे. अधिभार वर्षाला 776 पौंड. मुलाचा व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा काही महिने जास्त असल्याने वरच्या अर्ध्या वर्षाचे 388 धरले गेले. मात्र हे पैसे भरल्याने कुठल्याही दवाखान्यात नाव लागत नाही, ते काम वेगळे करावे लागते आणि नेमके तेच राहून जाते. एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की जवळच्या सर्जरी दिसतात (दवाखान्याला तिथे सर्जरी म्हणतात). प्रत्येकीची हद्द ठरलेली असते. अर्ज ऑनलाइन भरता येतो, नाहीतर ‘जीएमएस वन’ हा कागदी फॉर्म असतो. फी नाही. ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा काउंटरवर मागतात, पण तो नसल्याच्या कारणावरून इंग्लंडमध्ये नाव नाकारता येत नाही. नाकारलेच, तर 14 दिवसांत लेखी कारण द्यावे लागते. एका वेळी एकाच सर्जरीत नाव राहते. पुढे दहा आकडी एनएचएस क्रमांक मिळतो.

आपल्या मुलांचे घोळ दोन ठिकाणी होतात. पहिला नावाचा. पासपोर्टवर वडिलांचे नाव मध्ये असते, विद्यापीठात ते गळते, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होतात. सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहावे. दुसरा घोळ पत्त्याचा. खोली बदलल्याचे सर्जरीला कळवले नाही तर रुग्णालयाच्या तारखेचे पत्र जुन्या पत्त्यावर जाते आणि गैरहजर म्हणून नाव यादीतून निघू शकते.

आपण कान दुखला की थेट ईएनटीकडे जातो. तिथे तज्ज्ञाकडे जायचे तर बहुतेक वेळा जीपीची चिठ्ठी लागते, म्हणून बरे असतानाच नाव घालायचे. घसा किंवा सायनस यांसारख्या काही त्रासांवर औषधाच्या दुकानातला फार्मासिस्टही तपासून औषध देऊ शकतो. तातडीचे पण जिवावर बेतलेले नसेल तर 111 वर फोन करायचा, जिवावर बेतले तर 999 वर. जीपीची तपासणी मोफत आहे, औषधांना मात्र इंग्लंडमध्ये प्रत्येक नगामागे 9.90 पौंड पडतात. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तेही नाहीत. रोजची गोळी चालू असेल तर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ हवी. भारतातल्या ब्रँडची नावे तिथे कोणी ओळखत नाही.

त्या खोकल्याबद्दल एक सांगतो. तीन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर जीपीला दाखवायचे, हा तिथला नियमच आहे. भारतातून आलेल्याला क्षयाची तपासणी सुचवली तर मुलाने मनाला लावून घेऊ नये. व्हिसाच्या वेळचा एक्स-रे स्वच्छ असला तरी सुप्त संसर्ग त्यात दिसत नाही.

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर डॉक्टरांच्या पायऱ्यांत आहे, म्हणून त्या नीट बघू. बारावीनंतर मेडिकल पाच किंवा सहा वर्षे. मग फाउंडेशनची दोन: ‘एफवाय वन’ला तात्पुरती नोंदणी, ‘एफवाय टू’ला पूर्ण. साधारण चार-चार महिन्यांच्या पोस्टिंग असतात, त्यातली एखादी जीपी सर्जरीत. जीपी व्हायचे तर त्यापुढे तीन वर्षांचे प्रशिक्षण, एसटी वन ते एसटी थ्री. या काळात पाटीवर ‘जीपी रजिस्ट्रार’ लिहिलेले दिसेल. एमआरसीजीपी या जीपीसाठीच्या पात्रतेची लेखी परीक्षा असते आणि ‘एससीए’ नावाची दुसरी, जिच्यात बारा रुग्णांशी प्रत्येकी बारा मिनिटांचा सल्लामसलतीचा कस लागतो. ते सगळे पार झाल्यावरच जीपी रजिस्टरवर नाव चढते. म्हणजे कमीत कमी दहा वर्षे. रुग्णालयातला कन्सल्टंट व्हायला याहून जास्त लागतात. सप्टेंबर 2024 पासून तिथे ‘ज्युनियर डॉक्टर’ऐवजी ‘रेसिडेंट डॉक्टर’ म्हणतात. त्यात पहिल्या वर्षाचा पोरही येतो आणि उद्या कन्सल्टंट होणाराही, तेव्हा नुसत्या त्या नावावरून अनुभव कळत नाही. ‘कितव्या वर्षाला आहात’ हे विचारलेले कोणाला वावगे वाटत नाही. ‘फिजिशियन असोसिएट’ मात्र डॉक्टर नव्हे. त्यांना औषध लिहून देण्याचा अधिकार नाही.

मुलीला यातल्या कुठल्या पायरीवर चढता येईल? इंटर्नशिप पूर्ण झाल्यावर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची कायम नोंदणी, आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 7.5 आणि प्रत्येक विभागात किमान 7, मग परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्लॅब परीक्षेचे दोन भाग. पहिला 180 प्रश्नांचा, भारतातही देता येतो. दुसरा प्रात्यक्षिकाचा, त्यासाठी मँचेस्टरला जावे लागते. प्रत्येक भागाला चार संधी. इतके झाले की पूर्ण नोंदणी मिळते. नोकरी मात्र मिळत नाही, आणि क्लासवाले नेमके हे सांगत नाहीत. नोंदणीनंतर ‘एफवाय टू’च्या तोडीची नोकरी स्वतः शोधायची असते आणि तिथे सध्या एका जागेवर अर्जांचा ढीग पडतो.

जीपी प्रशिक्षणाला थेट अर्ज करायचा तर ‘एमएसआरए’ ही परीक्षा आणि ‘क्रेस्ट’ नावाचा फॉर्म (आवश्यक कौशल्ये असल्याचा दाखला) लागतो. इंटर्नशिपनंतर किमान बारा महिने काम झालेले हवे आणि सलग तीन महिने देखरेख केलेल्या वरिष्ठ तज्ज्ञाची त्यावर सही हवी. हे भारतातल्या कामावरही चालते. शासकीय महाविद्यालयातून पास झाल्यामुळे तिच्यावर एक वर्षाचा सेवा-बंध (सरकारी सेवेचा बॉन्ड) असणार. ते वर्ष क्रेस्टसाठी उपयोगी पडू शकते, पण जागा निवडताना विचार हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा ती एकटीच डॉक्टर असेल, तिच्या कामावर सही करायला तज्ज्ञ कोण? जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयातले पद मिळत असेल तर ते घ्यावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितलीच पाहिजे. ब्रिटिश सरकारने जुलै 2025 मधल्या आरोग्य योजनेत तिथल्या महाविद्यालयांच्या पदवीधरांना प्रशिक्षणाच्या जागांत प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि जानेवारी 2026 मध्ये त्यासाठी विधेयकही आणले. परदेशी पदवीधरांसाठी ही वाट अरुंद होते आहे. म्हणून माझे मत असे, की तिने नीट-पीजी सोडून प्लॅबच्या मागे लागू नये. फॅमिली मेडिसिनमध्ये डीएनबी तीन वर्षांचे आहे, काही ठिकाणी एमडीही आहे. ही पदवी ब्रिटनमध्ये आपोआप मान्य होत नाही, पण आवड खरोखर याच कामाची असेल तर इथेही तो पूर्ण मार्ग आहे, आणि सेवा-बंधाच्या वर्षात नीट-पीजी आणि प्लॅब या दोन्हीचा अभ्यास बराचसा एकच असतो.

सध्या तिने एवढे करावे: इंटर्नशिपची लॉगबुक भरलेली ठेवावी आणि प्रत्येक विभागात किती तारखेपासून किती तारखेपर्यंत काम केले, हे असलेले प्रमाणपत्र डीनच्या सहीने घ्यावे. नुसते ‘बारा महिने पूर्ण’ लिहिलेले पुढे कमी पडते. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (डॉक्टरविरुद्ध कारवाई नसल्याचा कौन्सिलचा दाखला) मात्र आताच काढू नये. ते तीन महिनेच चालते, जनरल मेडिकल कौन्सिलकडे अर्ज करतानाच मागवावे.