चाकाविना मडकी, लोखंडाविना मूर्ती

मेक्सिको-ग्वाटेमालाच्या प्राचीन कलेवर वाचकांनी विचारलेले काही प्रश्न.

कुंभाराचं चाक नव्हतं, मग भांडी इतकी गोल कशी?

मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकावर एक चढवायच्या, बोटांनी सांधे बुजवायचे. मग अंग खरवडून सारखं करायचं, रंगीत मातीचा पातळ लेप द्यायचा आणि गुळगुळीत गोट्यानं घोटायचं. काचेसारखा झिलईचा थर तिथल्या कुंभारांना माहीत नव्हता; दिसते ती चमक बहुतेक या घोटण्याची. गंमत म्हणजे मेक्सिकोच्या वेराक्रूझ भागात मातीची चाकं लावलेली कुत्र्यांची खेळणी सापडली आहेत. म्हणजे चाक फिरतं हे ठाऊक होतं, पण गाडी ओढायला ना बैल होता ना घोडा.

माया लोक चॉकलेट पीत, हे भांड्यावरून कसं कळलं?

१९८४ साली ग्वाटेमालातल्या रिओ अझुल इथल्या एका थडग्यात पाचव्या शतकातलं भांडं मिळालं. त्याचं झाकण फिरवून घट्ट बसतं, अगदी आपल्या बरणीसारखं! त्यावरची अक्षरं माया लिपीचे अभ्यासक डेव्हिड स्टुअर्ट यांनी ‘काकाव’, म्हणजे कोको, अशी वाचली. हर्शी या चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेनं आतल्या सुकलेल्या थरात कोकोमधलं थिओब्रोमाइन शोधलं, आणि वाचन बरोबर ठरलं. माया लिपीत ‘का’साठी माशाचं चित्र काढतात, म्हणून हा शब्द ओळखायचा तर आधी मासा शोधा.

अनेक माया प्याल्यांच्या काठाशी ‘अमक्याचा काकाव पिण्याचा प्याला’ अशा अर्थाचा मजकूर असतो. आपण स्टीलच्या भांड्यावर नाव घालून घेतो, तशातलाच प्रकार. फक्त इथे नाव राजाचं किंवा सरदाराचं.

लोखंड नसताना इतका कठीण दगड कसा कोरला?

कठीण दगडानंच. ओल्मेक ही मेक्सिकोतली फार जुनी संस्कृती; त्यांनी कोरलेली १७ प्रचंड दगडी डोकी आजवर सापडली आहेत. ती बेसॉल्टची, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाच्याच जातीची. पण वेरूळच्या पाथरवटाकडे लोखंडी छिन्नी होती. ओल्मेक कारागीर हातात दगडी हातोडा धरून ठोकत राहायचा. दर ठोक्याला थोडी पूड निघे. पाट्याला टाकी लावताना पाहिलं असेल, तर त्याच्या कष्टांचा अंदाज येईल. (पाटा-वरवंटा त्यांच्याही स्वयंपाकघरात होता; मका त्यावरच वाटत.)

जेड या मौल्यवान हिरव्या दगडाचं तंत्र वेगळं. हा दगड ग्वाटेमालाच्या मोटाग्वा खोऱ्यातला. ओली वाळू टाकून दोरी मागेपुढे ओढत राहायचं. कापते ती वाळू, दोरी नुसती तिला फिरवते. मला ओल्मेकांची भव्य डोकी आवडतात, पण एखादा जेडचा मणी जास्त थक्क करतो.

माझ्या टी-शर्टावरची ती गोल चकती म्हणजे माया कॅलेंडर ना?

नाही. तो अझ्टेकांचा, म्हणजे मध्य मेक्सिकोतल्या दुसऱ्याच लोकांचा, सूर्यदगड. १७९० साली मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडला, व्यास साडेतीन मीटरहून थोडा जास्त. २० दिवसांची चिन्हं त्यावर आहेत, पण तारीख बघायची ती वस्तू नव्हे.

ऑनलाइन लिलावात ‘दोन हजार वर्षं जुनी’ मातीची मूर्ती दिसते आहे. घेऊ का?

घेऊ नका. बनावट असेल तर पैसे गेले. झापोटेक या मेक्सिकोतल्या प्राचीन लोकांचे अस्थिकलश म्हणून खपवलेले खोटे नग नामांकित संग्रहालयांनीही घेतले होते. खरी असेल तर बहुधा थडगं फोडून काढलेली. मेक्सिकोच्या १९७२च्या कायद्यानं अशा वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या ठरतात, त्या देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत. ‘चाचणीचं प्रमाणपत्र’ दाखवलं, तर भुलू नका. माती कधी भाजली ते चाचणीतून कळतं, मूर्ती कुठून उचलली ते नाही.

हौसच असेल, तर मेक्सिकोतल्या ओहाका शहराजवळच्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावचं नवं काळं मडकं घ्या. तेही चाकाशिवाय घडवून घोटलेलं असतं. पाणी मात्र भरू नका. चमक टिकावी म्हणून ते कमी भाजतात, त्यामुळे झिरपतं.