पाळीवरचा हिवाळा

चि. बाबू,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. ‘बाई, लग्नानंतरचा पहिला हिवाळा आहे, तिला नैनीतालला न्यायचं मनात होतं, पण धानाचे चुकारे अजून जमा झाले नाहीत,’ असं म्हणताना तुझा आवाज ओशाळला होता. तो मला दिवसभर टोचत राहिला. ओशाळायचं काही कारण नाही. नैनीताल पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षीही तिथंच असेल. सुनबाईचा तुझ्या घरातला पहिला हिवाळा मात्र एकदाच येणार.

ती दर्यापूरकडची. मीही तिकडचीच, म्हणून तिच्या मनात काय चाललं असेल ते मला थोडं कळतं. आमचा तो खारपाणपट्टा. विहीर खणली, पाणी लागलं, तरी ते तोंडात धरवत नाही. १९८१ साली लग्न होऊन मी या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या धानाच्या मुलखात, आले तेव्हा गावागावाला तलाव पाहून मला आधी खरंच वाटेना. गोडं पाणी, आणि तेही असं उघड्यावर पसरलेलं! तुम्ही लहानपणापासून त्यात डुंबलेली माणसं, तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. तिला वाटेल. नैनीतालचा तलाव तुमच्या दोघांनाही परका. इथला तुझा आहे, आणि आपलं पाणी आपल्या माणसाला दाखवण्यात जी गोडी आहे ती तिकीट काढून मिळत नाही.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे आमच्याकडून झालेली चूक तू करणार नाहीस. त्या पहिल्या हिवाळ्यात ह्यांनी मला नाटकाला नेलं. आपल्याकडे दिवाळी झाली, मंडई म्हणजे गावोगावच्या जत्रा भरल्या की नाटकं सुरू होतात, दिवसा शंकरपटात बैलांच्या शर्यती आणि रात्री नाटक, हे तुला सांगायला नको. पण मला ते सगळं नवीन होतं. मी हौसेनं नवी साडी नेसले. तिथं पोचल्यावर ह्यांनी मला बायकांच्या बाजूला नणंदांजवळ बसवलं आणि स्वतः मित्रांत जाऊन बसले. नाटक पहाटेपर्यंत चाललं. अंगावर पातळशी शाल, खाली जमीन गार. नणंदा माझ्याशी चांगल्याच वागत होत्या, पण मी रात्रभर मान वळवून ह्यांना शोधत होते. परतताना बैलगाडीत तणसावर बसल्यावर ह्यांनी विचारलं, ‘कसं वाटलं?’ मला रडूच फुटलं. ते बिचारे घाबरले. त्यांना वाटलं नाटक आवडलं नाही.

तेव्हा नाटकाला जरूर ने. वडशाच्या कंपन्यांची नाटकं आता खुर्च्यांवर बसून बघता येतात, जोडीनं बसलं तर कोणी वळून पाहत नाही. पण तिच्या शेजारी बस. मित्र भेटले तर रामराम कर आणि परत ये. आणि ती पेंगली तर मध्यरात्रीच उठून घरी या, शेवटचा अंक बघितलाच पाहिजे असं नाही.

त्या रात्रीनंतर आठच दिवसांनी ह्यांनी सासूबाईंना सरळ सांगितलं, ‘आई, मी हिला नवेगावला घेऊन जातो, संध्याकाळी येऊ.’ देवदर्शनाचं निमित्त नाही, दवाखान्याचं नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘हिवात पोरीले कुठं घेऊन चालला?’ आणि थोड्या वेळानं स्वतःच फडक्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत बांधून दिलं. बाबू, हे तू नीट लक्षात घे. भरल्या घरात नव्या सुनेला नवऱ्याशी चार शब्द बोलायला जागा नसते. ती जागा तू काढायची. तिला परवानगी मागायला लावू नको, आईशी तू बोल, आणि खरं ते बोल.

तेव्हा गोंदिया-चांदाफोर्ट ही रेल्वेची छोटी लाइन होती. देवलगावला उतरून आम्ही चालत तलावावर गेलो. सातबहिणीचे डोंगर, मध्ये ते पाणी, आणि पाण्यावरून धुकं असं हळूहळू उचललं जात होतं. मी किती तरी वेळ बोललेच नाही. हेही बोलले नाहीत, आणि मला ते फार आवडलं. मग मीच विचारलं, हे कोणी बांधलं? तेव्हा त्यांनी कोलू पाटील कोहळ्यांचं नाव सांगितलं. जमिनीचा उतार ओळखून, दोन डोंगरांमधली फट मातीनं बुजवून पाळ घालायची, ही कोहळ्यांची विद्या. पुढे हे तलाव मालगुजारांकडे होते, मालगुजारी १९५१ साली संपली आणि ते सरकारकडे गेले, म्हणून माजी मालगुजारी, म्हणजे आपले मामा तलाव. हे तुला ठाऊक आहे, पण तिला सगळं एका दमात सांगत बसू नको. ती विचारेल तेव्हा सांग.

तुम्ही नवेगावला मोटरसायकलनं जाल. उजाडल्याशिवाय निघू नका. रस्ता जंगलातून आहे, पहाटे अस्वलं बाहेर असतात, वाघाचंही रान आहे, आणि परत अंधाराच्या आत. गाडीवर समोरून वारा लागतो तो नुसत्या स्वेटरनं अडत नाही. स्वेटरच्या आत छातीवर जुना पेपर घडी करून ठेव. तिला कानाला बांधायला लोकरीचा मफलर दे, ओढणी पुरत नाही. पाळीवर दोघांत एकच घोंगडं न्या. दोन नेऊ नका.

सोबत तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडून न्या. शिंगाडे तिथंच मासे धरणाऱ्या ढिवरांकडे विचारा, हिवाळ्याच्या सुरुवातीला ताजे मिळतात. सोलायची खुबी तुला येते, तिला येणार नाही. पहिले चार-पाच तू सोलून दे.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हुरड्याचं. तिला विचारून बघ, माहेरची कशाची आठवण येते. मला खात्री आहे, या दिवसांत ती हुरडा म्हणेल. आपल्याकडे धान, आपल्या बांधीत ज्वारी कुठून येणार? तिच्या भावाला फोन कर, कोवळी कणसं मागव, आणि एका संध्याकाळी वावरात रचलेल्या धानाच्या पुंजण्यापासून चांगलं लांब आगटी पेटव. गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजणं तिला येतं. गरम कणीस हातावर चोळून दाणे कसे पाडायचे ते तिला शिकवू दे. तुझे हात भाजतील, ती हसेल. लग्न झाल्यापासून त्या घरात ती रोज काहीतरी शिकतेच आहे, कुठलं भांडं कुठं, कोणाला चहा किती गोड. एक संध्याकाळ तिला येतं आणि तुला येत नाही अशी असू दे. माझ्यासाठी असं कोणी केलं नव्हतं. ह्यांना सुचलं नाही आणि मीही कधी बोलले नाही. म्हणून तुला सांगते.

एखाद्या रविवारी गोंदियाकडे परसवाडा किंवा झिलमिलीच्या तलावावर जा. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. माणसाच्या खांद्याला लागेल एवढा उंच पक्षी, आणि जोडीनंच दिसतो. पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करतात, अंडी नर-मादी दोघं आळीपाळीनं उबवतात, हिवाळ्यात पिल्लू मधे घालून चरताना दिसतात. दोघं मिळून साद घालतात ती ऐका: नराच्या एका हाकेला मादीच्या दोन. लांबूनच बघा, फोटोसाठी बांधीत उतरू नका. त्याच तलावांवर हिवाळ्यात पट्टकादंब येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, तिबेटच्या बाजूनं हिमालय ओलांडून.

तिबेटवरून आठवलं, गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, इटियाडोह धरणाच्या वाटेवर. थंडीत तिथली बरीच माणसं स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात, पण विहार शांत असतो. धरणावर जाताना घटकाभर थांबा.

आणि तिला कुठंच जायचं नसेल तर? तेही चालेल. सगळे झोपल्यावर अंगणात निखाऱ्यांची गोरसी घेऊन बसा. तिला बोलू दे.

हे गेल्यापासून मी पाळीवर गेलेले नाही. ह्यांचा चहाचा मोठा थर्मास माझ्याकडे आहे, वडशाच्या बाजारातून घेतलेला. सकाळचा चहा दुपारपर्यंत गरम राहतो. शनिवारी येऊन घेऊन जा, सुनबाईलाही आण. झाकण जरा सैल झालंय, डिक्कीत आडवा ठेवू नको.

तुझ्या बाई