'गडीपार' म्हणजे आपलं 'तडीपार'च का?

खानापूरच्या एका वाचकाने विचारलंय: कन्नड बातम्यांत 'गडीपार' ऐकू येतं, तो आपल्या 'तडीपार'चा बिघडलेला उच्चार आहे का?

नाही. कन्नडमध्ये 'गडि' म्हणजे सीमा; सीमेपलीकडे घालवला तो गडीपार. आपल्या घरात गडी म्हणजे शेतावर राबणारा माणूस, म्हणून कान फसतो. आमच्या आजीने टीव्हीवर हा शब्द ऐकून विचारलं होतं, "कुणाचा गडी पळाला रे?"

'तडीपार'मधली तड संस्कृत 'तट'वरून आली, म्हणजे काठ. काठापलीकडे घालवला तो तडीपार. सरकारी मराठीतल्या 'हद्दपार'मध्ये अरबी हद्द आहे. आधी शब्द कुठलाही लावा, शेवटी 'पार' आहेच.

हीच तड 'काम तडीस नेणे'मध्येही आहे, आणि खरी मेख तिथे आहे. तडीपारीसाठी महाराष्ट्र पोलीस कायद्याचं (१९५१) कलम ५६ आणि कर्नाटक पोलीस कायद्याचं (१९६३) कलम ५५ बघा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, आणि हे दोन्ही कायदे वाचताना भावंडंच वाटतात. तडीपारीला गुन्हा शाबीत व्हावा लागत नाही. साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, हेच कलम ५६ मध्ये एक कारण धरलंय. म्हणजे खटला तडीस जात नाही, म्हणून माणूस तडीपार!

निवडणूक किंवा गणेशोत्सव जवळ आला की याद्या निघतात. पुढाऱ्याला 'इतके तडीपार केले' हे भाषणात सांगता येतं. तपास सुधारला, साक्षीदाराला संरक्षण दिलं, यावर टाळ्या पडत नाहीत. शिवाय सीमाभागात 'पार' म्हणजे किती लांब? बेळगावातून निघालेला महाराष्ट्रातल्या चंदगडला बसायचा, कागलचा कर्नाटकातल्या निपाणीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये दीपक डोंगरे प्रकरणात बजावलं, की हा असाधारण उपाय आहे, तो क्वचितच वापरावा, कारण देशात कुठेही फिरण्याच्या हक्कावर तो घाला घालतो.

आता वापराचं. मराठी लिहिताना 'तडीपार'च लिहावं. बोलण्यात 'गडीपार' आलं तर बेळगावात कुणी हसणार नाही. 'तडीपार गुंड' मात्र मला खटकतं. तडीपार हे आदेशाचं नाव आहे, निकालाचं नव्हे. आपल्याकडच्या 'रावडीशीटर'चंही तेच: पोलिसांच्या दप्तरात नाव चढलंय, एवढाच त्याचा अर्थ.