‘बनाव’: बडोद्याचा आणि पुण्याचा

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका वाचक बाईंनी विचारलं आहे. त्यांच्या शेजारच्या इमारतीत एक नवविवाहिता राहत्या घरी मृतावस्थेत सापडली. दुसऱ्या दिवशी गुजराती पेपरात आलं, ‘परिणीताना आपघातनो बनाव’. बाईंनी तेच पुण्याच्या नणंदेला फोनवर सांगितलं, “अगं, आमच्या शेजारी आत्महत्येचा बनाव झाला.” नणंदेने घाबरून विचारलं, “म्हणजे मारलं कुणी तिला?” बाईंना कळेना की आपण असं काय बोललो. बनाव म्हणजे घटना हे मराठीत चालतं का, आणि खरंच कुणी देखावा रचल्याची शंका असेल तर काय म्हणायचं, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

चालत नाही. एरवी बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द येतात ते मला गोडच वाटतात, पण हा शब्द अशा प्रसंगी वापरू नये. गुजरातीत ‘बनाव बन्यो’ म्हणजे घटना घडली, एवढंच. मराठीत बनाव आपणहून घडत नाही. तो रचतात, करतात, मग तो उघडकीस येतो किंवा फसतो. या क्रियापदांकडे नीट बघा, प्रत्येकाच्या मागे कुणीतरी माणूस आहे. ‘आत्महत्येचा बनाव’ म्हटलं की आत्महत्या झालीच नाही, दुसरंच काही झालं आणि ते कुणीतरी लपवलं, हे सगळं त्या दोन शब्दांत बोलून झालेलं असतं. म्हणजे घरच्या माणसांवर खुनाचा आरोप झाला, तोही बोलणारीच्या मनात नसताना.

मूळ दोन्हीकडे एकच, बनणे. गुजरातीने त्यातलं ‘घडणं’ घेतलं. मराठीत ‘मला बनवू नकोस’ मधलं फसवणं त्याला चिकटलं, आणि बनावट नोटांपर्यंत पोचलं. जमणं, पटणं हा आणखी एक अर्थ होता, तो आता ‘बेबनाव’ या शब्दात तेवढा शिल्लक आहे.

त्या मथळ्यात दुसरी फसगतही आहे. गुजराती ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या. त्यातला ‘आप’ म्हणजे स्वतः. आपला ‘अपघात’ वेगळा, त्याला गुजरातीत म्हणतात ‘अकस्मात’. आणि मराठीत अकस्मात म्हणजे अचानक! एका कान्याच्या फरकाने आत्महत्येचा अपघात होतो. घरातल्या मृत्यूची बातमी सांगताना हा गोंधळ परवडणारा नाही.

त्यात पोलिसांची भाषा निराळी. महाराष्ट्रात ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते, गुजरातेत ‘अकस्मात मोत’. ही नोंद म्हणजे निष्कर्ष नव्हे. चौकशी तिथून सुरू होते; पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना विवाहितेचा असा मृत्यू झाला तर शवविच्छेदन करावंच लागतं. या नियमामागे जळून मेलेल्या कित्येक सुना आहेत. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य एके काळी पेपरात इतक्यांदा येई की वाचणाऱ्याला त्यामागचं कळायचं, पण छापून यायचा तो भडकाच.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपून देतो. नुसती शंका असेल तर ‘संशयास्पद मृत्यू’ म्हणा. कुणीतरी मारलं असावं असं वाटत असेल तर ‘घातपाताचा संशय’ म्हणा. यात आरोप आहे, पण तो संशय म्हणूनच येतो. ‘बनाव’ हा शब्द तपासात काही हाती लागेपर्यंत राखून ठेवा. हाती लागतं म्हणजे काय? जळालेल्या देहाच्या श्वासनलिकेत काजळी सापडली नाही, तर आग लागण्याआधीच श्वास थांबला होता का, असा प्रश्न उभा राहतो. मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साकळतं आणि काही तासांनी त्याचे डाग तिथेच पक्के होतात. देह उताणा सापडला आणि पक्के डाग छातीपोटावर असले, तर तो नंतर हलवलेला आहे. असं काही पुढे आलं की बनाव खुशाल म्हणा, तिथे दुसरा शब्द पुरा पडणार नाही.

‘देखावा’ त्याच्या जवळचा, पण त्याचा आवाका लहान. खोलीतली मांडामांड, पालथी खुर्ची, आतून लावल्यासारखी दिसणारी कडी, हा देखावा. तो आणि त्यासोबत शेजाऱ्यांना, माहेरच्यांना सांगितलेली कहाणी मिळून बनाव होतो. ‘बनावट आत्महत्या’ मात्र लिहू नये. नोट बनावट असते, मृत्यू खराच असतो. खोटं असतं ते सांगितलेलं कारण.

आणि जो खोटा, त्यालाच षष्ठी लागते, हे मराठी पेपरवालेही विसरतात. अपहरणाचा बनाव म्हणजे न झालेलं अपहरण, लुटीचा बनाव म्हणजे न झालेली लूट. मग खून करून आत्महत्या भासवली असेल तिथे ‘खुनाचा बनाव उघड’ असा मथळा देणं साफ चूक. त्याचा अर्थ खून झालाच नाही असा होतो. तिथे ‘आत्महत्येचा बनाव उघड’ असंच हवं.