हेल्मेटची टक्कर: कॉलेजमध्ये हकालपट्टी, एनएफएलमध्ये दंड, असे का?

आपण विचारले आहे की, अमेरिकन फुटबॉलमध्ये हेल्मेटने टक्कर दिली तर कॉलेजचा खेळाडू मैदानाबाहेर जातो, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये मात्र बहुतेक वेळा १५ यार्डांच्या दंडावर, म्हणजे संघाने तेवढे अंतर गमावण्यावर, भागते. मग खेळाडूंची काळजी कोण अधिक घेते? मी ओहायोत राहतो, शनिवारी कॉलेजचे आणि रविवारी एनएफएलचे सामने पाहतो. माझ्या मते कॉलेजचा नियम अधिक योग्य आहे, आणि त्याचे मुख्य कारण टक्कर देणाऱ्या खेळाडूचीच सुरक्षितता हे आहे.

कॉलेजमध्ये या फाउलला ‘टार्गेटिंग’ म्हणतात. हेल्मेटच्या टाळूकडील भागाने कोणालाही जोरात धडक देणे, किंवा झेल घेण्यात गुंतल्यामुळे स्वतःला सावरू न शकणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावर वा मानेवर आघात करणे, हे दोन्ही प्रकार त्यात येतात. २०१३ पासून त्याला १५ यार्डांसोबत हकालपट्टीची शिक्षा आहे, आणि त्या वर्षीच्या नियमानुसार फाउल उत्तरार्धात झाला तर पुढच्या सामन्याचा पूर्वार्धही गमवावा लागे. असा प्रत्येक निर्णय रिप्लेवर तपासला जातो व २०१९ पासून चित्रणातून त्याला स्पष्ट दुजोरा मिळाला नाही तर शिक्षा रद्द होते.

एनएफएलने २०१८ मध्ये डोके खाली घालून हेल्मेटने टक्कर घेणे हा फाउल ठरवला, पण हकालपट्टी करायची की नाही हे पंचांवर सोडले. पैशांचा दंड किंवा निलंबन लीगचे कार्यालय सामना संपल्यानंतर ठरवते, आणि खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानुसार त्यावर दाद मागता येते. ही पद्धत न्याय्य आहे यात शंका नाही, परंतु ती शिक्षा त्या दिवशीच्या सामन्यात कोणालाच जाणवत नाही.

एकाच क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूच्या, बाबतीत दोन्ही पद्धती पाहायला मिळाल्या. २८ डिसेंबर २०१९ रोजी फिएस्टा बोल या कॉलेजच्या मोठ्या सामन्यात माझा संघ ओहायो स्टेट १६-० ने पुढे असताना आमच्या शॉन वेडने क्लेम्सनचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स याला पाडले, पण डोके खाली घालून. दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न, म्हणजे डाऊन, मिळतात; हा तिसरा होता आणि क्लेम्सनची चढाई तिथेच थांबली असती. त्याऐवजी त्यांना पुन्हा पहिला डाऊन मिळाला, वेड बाहेर गेला आणि त्याच चढाईत त्यांनी टचडाऊन करून गुण मिळवले. शेवटी आम्ही २३-२९ ने हरलो. त्या रात्री मला फार वाईट वाटले, तरीही तो निर्णय बरोबर होता असेच मी आजही म्हणतो. पुढे १ डिसेंबर २०२४ रोजी जॅक्सनव्हिलकडून खेळणारा हाच लॉरेन्स धाव सोडून पाय पुढे करून घसरत असताना ह्यूस्टनच्या अझीझ अल-शायरने त्याच्या डोक्यावर कोपरापुढचा हात हाणला. लॉरेन्स पडला तेव्हा त्याचे हात आखडून वर ताठ राहिले होते. अल-शायरला त्याच सामन्यातून काढले गेले आणि नंतर तीन सामन्यांसाठी निलंबितही केले. पण एनएफएलमध्ये हकालपट्टी व्हायला प्रकरण इतके भयंकर असावे लागते.

आता टक्कर देणाऱ्याविषयी. डोके वर असते तेव्हा मानेला थोडा बाक असतो आणि धक्का स्नायू व मणके वाटून घेतात. डोके खाली घातले की मणके एका रेषेत येतात आणि सगळा भार सरळ त्यांच्यावर पडतो. ऑक्टोबर २०१० मध्ये रटगर्स विद्यापीठाचा एरिक लग्रँड किकऑफनंतर (सामना वा डाव सुरू करणाऱ्या लाथेनंतर) चेंडू घेऊन धावणाऱ्या आर्मी या लष्करी अकादमीच्या खेळाडूला अडवायला धावला, त्याने डोके खाली घातले आणि मानेखालचे शरीर लुळे पडले. डिसेंबर २०१७ मध्ये एनएफएलमधील पिट्सबर्गच्या रायन शेझिअरच्या पाठीच्या कण्याला प्रतिस्पर्ध्याला पाडताना (टॅकल करतानाच) इजा झाली. तो पुन्हा चालू लागला, पण एनएफएलमध्ये पुन्हा खेळला नाही. हे दोघेही टक्कर देणारे होते. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाची ही सवय मोडायची असेल, तर पुढच्या आठवड्यात येणाऱ्या दंडाच्या पत्रापेक्षा आत्ता बाकावर बसणे अधिक उपयोगी पडते.

मात्र दोन्ही नियमांना एक मोठी मर्यादा आहे. दोन्ही बाजूंचे लाइनमन, म्हणजे समोरासमोर पुढच्या रांगेत उभे राहणारे धिप्पाड खेळाडू, जवळजवळ प्रत्येक डाऊनला एकमेकांवर आदळतात. ते आघात लहान असतात, त्यांवर पंच फाउलचा झेंडा टाकत नाहीत, आणि मेंदू हळूहळू झिजवणाऱ्या सीटीई या विकाराचा संबंध अशा वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांशी जोडला जातो. हेल्मेट कवटी वाचवते, पण आत हलणारा मेंदू थोपवू शकत नाही. म्हणून मला खेळाची रचना बदलणारे उपाय जास्त महत्त्वाचे वाटतात. २०१६ मध्ये आयव्ही लीग या कॉलेजांच्या गटाने किकऑफ ४० यार्डांच्या रेषेवर, म्हणजे आणखी पुढे, आणला, त्यामुळे बरेच चेंडू थेट मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये जाऊ लागले, म्हणजे ते घेऊन धावण्याची वेळ कमी येऊ लागली, आणि किकऑफवेळी मेंदूला हादरा बसण्याचे प्रमाण बरेच घटले. २०२४ पासून एनएफएलच्या किकऑफमध्येही बहुतेक खेळाडू समोरासमोर जवळ उभे राहतात, आणि लग्रँडने घेतली होती तशी लांबून भरधाव धाव आता त्यांना घेता येत नाही.